विनोदातल्या गावात आपली वस्ती कुठे आहे?

संत तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गावर अंथुर्णे सोडले की निमगाव केतकीच्या आधी शेळगाव फाटा लागतो. इंदापूर तालुक्यातल्या या भागात संध्याकाळी कोणत्याही फाट्यावरच्या टपरीवर बसा. चार पोरे एका मोबाइलवर वाकलेली दिसतील. मोबाइलवर गावरान विनोदाचा एखादा भाग चालू असतो. त्यात ऊसतोड असते, पाण्याची पाळी असते, ग्रामपंचायतीची निवडणूक असते, दूध डेअरीचे राजकारण असते. पोरे मनापासून हसतात, कारण हे गाव त्यांच्या ओळखीचे आहे. भाषा आपली, शिव्या आपल्या, बांधावरची भांडणेही आपलीच.

त्या चारांपैकी एखादा पोरगा आपल्या वस्तीतलाही असतो. तोही हसतो. पण त्या पडद्यावरच्या गावात त्याचे घर कधी आलेले नसते. तिथे चावडी दिसते, पारावरचे मंदिर दिसते, पाटलाचा वाडा दिसतो. निळा झेंडा दिसत नाही, विहार दिसत नाही, 14 एप्रिलची मिरवणूक दिसत नाही. ज्या गावात आपण राहतो तेच गाव विनोदात शिरताना आपल्याला वगळून शिरते. या लेखाचा प्रश्न एवढाच आहे : कमी पैशात बनणाऱ्या या विनोदात आपण कुठे आहोत, आणि नसलो तर त्याला उत्तर काय?

विनोदाचा नवा पट्टा

मराठी विनोदाचे केंद्र आता फक्त मुंबई-पुण्यात राहिलेले नाही. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरहून आलेली 'चांडाळ चौकडीच्या करामती' यूट्यूबवर गावोगाव पोचली. साताऱ्याकडून 'गावाकडच्या गोष्टी' आली. इंदापूरच्या समोर, उजनीच्या फुगवट्यापलीकडे करमाळा तालुका आहे. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट' याच मातीत उभे केले. 'सैराट'ची रिंकू राजगुरू शेजारच्या अकलूजची.

हे सगळे थोड्या खर्चात शक्य झाले. एक बरा कॅमेरा, गावातलीच माणसे, कुणाचे तरी शेत आणि एडिटिंग जाणणारा एक मित्र एवढ्यावर भाग तयार होतो. ज्या कलेसाठी पूर्वी निर्मात्याच्या दारात उभे राहावे लागे, ती आता फाट्यावरच्या पोरांच्या हातात आली आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. वरच्या मालिकांची नावे त्यांना दोष देण्यासाठी घेतलेली नाहीत. त्यांनी गावची बोली पडद्यावर आणली, शहरी नाक मुरडण्याला उत्तर दिले. प्रश्न या संपूर्ण प्रकाराच्या सवयीचा आहे.

ही सवय जुनी आहे. 1988 चा 'अशी ही बनवाबनवी' आठवा. माने, सरपोतदार, काळभोर ही आडनावे आजही पोरांना पाठ आहेत. 2014 च्या 'टाइमपास'मध्ये परब आणि लेले यांच्यातले अंतर हाच विनोदाचा आणि दुःखाचा विषय होता. वस्तीतला पोरगा आणि पांढरपेशा घरातली मुलगी यांच्यातली दरी दाखवली, पण जातीचे नाव घ्यायची वेळ आली की चित्रपट 'गरीब-श्रीमंत' आणि 'शिकलेला-न शिकलेला' या शब्दांत बोलतो. मराठी विनोदी चित्रपटात कांबळे, गायकवाड, सोनवणे, वाघमारे ही माणसे नायक म्हणून किती वेळा आली, हे प्रत्येकाने स्वतःच्या आठवणीतून मोजून पाहावे. बोटे पुरतील.

नाव कापले जाते, टिंगल सुटते

गेल्या काही वर्षांत एक विचित्र चित्र दिसते आहे. 'फुले' हा हिंदी चित्रपट 11 एप्रिल 2025 रोजी प्रदर्शित होणार होता. सेन्सॉर बोर्डाने महार, मांग, पेशवाई अशा उल्लेखांवर बदल सुचवले आणि चित्रपट 25 एप्रिलला आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'चल हल्ला बोल' या चित्रपटातल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप घेताना बोर्डाकडून 'कोण ढसाळ?' असा प्रश्न आल्याचे महाराष्ट्रभर गाजले.

म्हणजे जातीच्या अन्यायाबद्दल गंभीरपणे बोलायचे असेल तर जातीचा शब्द अडतो. पण 'काय कैकाड्यासारखे भांडताय', 'डोंबाऱ्याचा खेळ मांडलाय', 'वडाऱ्यासारखा अवतार केलाय' ही वाक्ये विनोदी संवादात कुणाला खटकत नाहीत. बोलण्यातली लकब म्हणून ती निघून जातात. यूट्यूबवर तर प्रदर्शनाआधी कुणी तपासतच नाही.

कायद्याचेही एक टोक इथे उघडे पडते. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान करणे अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण हा कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यामुळे कैकाडी म्हणून केलेली जी हेटाळणी अकोल्यात या कायद्याखाली येऊ शकते, तीच इंदापुरात येत नाही. वडार समाजाचेही इथे तेच. म्हणून 'केस करू' हे उत्तर सगळ्यांसाठी नाही. आणि जिथे आहे तिथेही प्रत्येक फालतू विनोदामागे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणे चळवळीला परवडणारे नाही.

यातून वाट काढायला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उपयोगी पडतो. 2023 च्या 'आँख मिचोली' या हिंदी विनोदी चित्रपटात अपंग व्यक्तींची टिंगल केल्याची तक्रार निपुण मल्होत्रा यांनी केली होती. 8 जुलै 2024 च्या निकालात न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही, पण एक फरक स्पष्ट केला. अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा. विषय कोणता आहे यापेक्षा विनोद कुणाचे काय करतो, हे पाहायला न्यायालयाने सांगितले. हाच निकष जातीच्या विनोदालाही लावता येतो.

हसणारा कुठे उभा आहे?

हा फरक पडद्यावर समजून घ्यायचा असेल तर 'फँड्री'चा शेवट पुन्हा पाहा. जब्याचे कुटुंब डुक्कर पकडण्यासाठी धावते आहे आणि सगळा गाव तो तमाशा पाहत हसतो आहे. त्या दृश्यात विनोदी चित्रपटाचे सगळे साहित्य आहे : पळापळ, पडझड, टोमणे. आपणही क्षणभर हसतो. मग जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तो दगड हसणाऱ्या गावाला आहे आणि त्याच्यासोबत हसलेल्या प्रेक्षकालाही. आपण कुणाच्या बाजूला बसून हसत होतो, हे त्या एका क्षणात कळते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये असाच एक शांत प्रसंग आहे. लोकशाहीर नारायण कांबळेंविरुद्ध खटला चालवणारी सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह एक विनोदी मराठी नाटक पाहायला जाते. रंगमंचावर परप्रांतीयाची टिंगल चालली आहे आणि सभागृह खळखळून हसते आहे. दिग्दर्शक काहीच बोलत नाही. पण कोर्टातला पूर्वग्रह कुठे शिजतो, हे आपल्याला त्या हशातून समजते. ज्या माणसाला आपण रोज हसतो, त्याच्यावर अन्याय झाला तर तो आपल्याला अन्याय वाटत नाही. म्हणून विनोदाचा प्रश्न हा करमणुकीपुरता नाही.

'सैराट'ने हेच दुसऱ्या बाजूने केले. पहिला भाग धमाल विनोदी आहे. त्यात परश्याचे दोन मित्र आहेत : सल्या आणि लंगड्या. एक मुसलमान, एक पायाने अधू. साध्या विनोदी चित्रपटात दोघांचेही काम फक्त हशा काढण्याचे असते. इथे त्यांच्या खोड्यांवर आपण हसतो, पण त्यांना स्वतःचे प्रेम आहे, अपमान आहे, मैत्रीसाठी जोखीम घेण्याची हिंमत आहे. आणि याच हसऱ्या भागात वर्गात दलित साहित्य शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत पाटलाचा पोरगा मारतो. हसता हसता गाव कुणाचे आहे हे प्रेक्षकाला कळते.

तालपुटाचा प्रश्न

आपल्या धम्मात या प्रश्नाची एक फार जुनी गोष्ट आहे. संयुत्त निकायातल्या तालपुट सुत्तात नटांचा एक प्रमुख, तालपुट, भगवान बुद्धांकडे येतो. त्याने जुन्या नटगुरूंकडून ऐकलेले असते की जो नट रंगमंचावर लोकांना हसवतो, तो मेल्यावर हसणाऱ्या देवांमध्ये जन्म घेतो. हे खरे का, असे तो विचारतो. बुद्ध दोनदा टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर देतात, आणि ते उत्तर ऐकून तालपुट रडू लागतो.

बुद्धांचे म्हणणे असे की लोक आधीच लोभ, द्वेष आणि मोहाने बांधलेले आहेत. नट त्यांच्यासमोर तेच आणखी भडकवणाऱ्या गोष्टी मांडतो, स्वतः बेभान होतो आणि त्यांनाही करतो. अशा माणसाला स्वर्ग कसला? पुढे तालपुट भिक्खू झाला. त्याच्या दीर्घ गाथा थेरगाथेत आहेत.

या सुत्ताचा अर्थ 'बौद्धांनी हसू-हसवू नये' असा घेतला तर तो फार उथळ होईल. त्यात एक कसोटी आहे. माझ्या विनोदाने बघणाऱ्याच्या मनातला द्वेष वाढला की कमी झाला? त्याचा भ्रम घट्ट झाला की सैल पडला? एखाद्याच्या रंगावर, बोलण्यावर, अडखळण्यावर, जातीवर काढलेला हशा द्वेष आणि मोह दोन्ही वाढवतो. खोट्या बुवावर, लाचखाऊ पुढाऱ्यावर, स्वतःच्याच भेकडपणावर काढलेला हशा मोह फोडतो. सम्यक वाचा पडद्यावरही लागू होते.

वारसा आपलाच आहे

विनोद हे काही आपल्यासाठी परके घर नाही. तमाशातला सोंगाड्या राजाला, पाटलाला, सावकाराला उलटे प्रश्न विचारायचा. हा तमाशा ज्या कलावंतांनी जगवला त्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजातली माणसे मोठ्या संख्येने होती. गावात ज्याला तोंड वर करून बोलता येत नव्हते, तो बोर्डावर उभा राहून सत्तेची टर उडवत होता. पुढे तोच सोंगाड्या मराठी चित्रपटात गेला. 1971 मध्ये दादा कोंडके यांनी 'सोंगाड्या' काढला आणि साध्या, गावंढळ म्हटल्या जाणाऱ्या माणसाला नायक केले. गिरणी कामगाराने आणि खेड्यातल्या माणसाने त्याला डोक्यावर घेतले. मात्र जी मंडळी बोर्डावर हा विनोद जगली, त्यांची नावे आणि त्यांचे प्रश्न पडद्यापर्यंत गेले नाहीत. द्व्यर्थी संवादांत बाईही विनोदाची वस्तूच राहिली.

चळवळीने दुसरा रस्ता धरला होता. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव जलसे करत होते. अंधश्रद्धा, दारू, सावकारी, शिक्षण हे विषय बतावणीतून, हसत-हसवत मांडले जात. भाषण ऐकायला न येणारा माणूस जलशाला येत असे. हसणे कायम ठेवून त्यांनी त्याचा निशाणा बदलला.

हा धागा आजही तुटलेला नाही. 2012 मध्ये रंगभूमीवर आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातली शेतकरी-कष्टकरी पोरे. यम शिवाजी महाराजांचे विचार न्यायला पृथ्वीवर येतो, ही त्यातली गमतीची कल्पना. लोक पोट धरून हसले आणि हसताना महाराजांना एका जातीत कोंडणाऱ्यांचे पितळ उघडे पडले. त्यासाठी ना मोठा नट लागला, ना मोठा सेट. भीमनगर मोहल्ला नाटकाच्या नावातच होता.

मालेगावने काय केले

कमी खर्चाच्या विनोदी चित्रपटाचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका धडा नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या मुस्लिम कामगारांच्या या गावात नासिर शेख यांनी 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. सायकल आणि बैलगाडी वापरून कॅमेरा हलवला. संवाद मालेगावच्या बोलीत, विनोद मालेगावच्या घाणीवर, विजेवर, तंबाखूवर. नंतरच्या 'सुपरमॅन'मध्ये यंत्रमाग कामगार शफीक शेख हडकुळ्या शरीराने सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' देशभर प्रदर्शित झाला.

ज्या शहराचे नाव बातम्यांत फक्त दंगल आणि स्फोटांसोबत येत होते, त्या शहराने स्वतःवर हसून आपली ओळख बदलली. 'आम्हाला चांगले दाखवा' अशी विनंती त्यांनी कुणाकडे केली नाही. त्यांनी स्वतःच दाखवले. अमेरिकेत 1987 मध्ये रॉबर्ट टाउनसेंड या कृष्णवर्णीय कलावंताने काहीसे असेच केले. गुंड आणि दलाल याच भूमिका मिळतात म्हणून त्याने क्रेडिट कार्डांवर पैसे उचलून 'हॉलिवूड शफल' काढला आणि त्याच भूमिकांची टर उडवली.

पण मालेगावची मर्यादाही लक्षात ठेवू. तिथल्या चित्रपटांत मालेगावच्या स्त्रिया नव्हत्या. नायिका बाहेरून आणाव्या लागत. ज्यांना वगळले गेले ते स्वतः कॅमेरा धरतात तेव्हाही कुणीतरी वगळले जाऊ शकते.

आधी आपला आरसा

म्हणून थोडे स्वतःकडेही पाहू. भाऊ कदम हे आजच्या मराठी विनोदातले सर्वांत ओळखीचे चेहरे आहेत. 2018 मध्ये त्यांनी घरी गणपती आणला म्हणून समाजातल्या काही संघटनांनी आक्षेप घेतला आणि त्यांनी माफी मागितली. त्या चर्चेची बाजू कुणी कशीही घेवो. पण आपण त्यांच्या घरात काय आहे यावर जेवढे बोललो, त्याच्या दहावा हिस्साही त्यांना लिहून मिळणाऱ्या भूमिकांवर बोललो का? एवढ्या ताकदीच्या नटाला आपल्या जगण्यावरचा एकही विनोदी नायक का मिळू नये, हा प्रश्न आपण कुणाला विचारला?

दुसरे असे की आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे विनोद तपासा. बायकोवरचे, जाड मुलीवरचे, तोतऱ्यावरचे, तृतीयपंथीयांवरचे. गल्लीतल्या गॅदरिंगला पुरुषाला साडी नेसवून काढलेला हशा हा आपल्याकडेही हुकमी मानला जातो. जो निकष आपण इतरांना लावतो, तो आपल्याला लावला नाही तर आपल्या तक्रारीला वजन राहत नाही.

तिसरे, आपल्याकडे पडद्यावर आपला माणूस आला की तो फक्त सोसणारा किंवा फक्त लढणारा असावा, अशी अपेक्षा असते. आपला माणूस गोंधळलेला, चहाटळ, प्रेमात पडलेला, उधारी बुडवणारा असा दिसला की आपल्याला अपमान वाटतो. पण पूर्ण माणूस असाच असतो. जयंतीच्या वर्गणीवरून होणारी भांडणे, डीजे की बँड यावरची खडाजंगी, मंडळाच्या अध्यक्षपदासाठीची ओढाताण, स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात गावी परतलेला पोरगा आणि त्याला रोज 'काय झाले रे निकालाचे' विचारणारी आत्या. यात विनोदाचा केवढा मोठा साठा आहे! तो आपण लिहिला नाही तर दुसरा कुणीतरी लिहील, आणि बाहेरून लिहील.

करण्यासारखे काही

पहिले काम साधे आहे. गावातली किंवा तालुक्यातली एखादी टोळी विनोदी भाग बनवत असेल तर तिच्याशी बोला. 'तुमच्या गावात आमची वस्ती का नाही' असे समोर बसून विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'सुचलेच नाही' असे असते. सुचले नाही याचे कारण लिहिणाऱ्यांत आपले कुणी नाही. म्हणून पडद्यावर एक चेहरा मागण्याआधी लेखनात आणि एडिटिंगमध्ये जागा मागा.

दुसरे, स्वतः पाच मिनिटांचा भाग करा. 14 एप्रिल, 1 ऑगस्ट, 3 जानेवारी या दिवशी वक्त्यांच्या रांगेत एक विनोदी लघुपटही ठेवा. विहारातल्या प्रोजेक्टरवर तो दाखवा आणि नंतर चर्चा करा. त्यात मुलींना नटी म्हणून बोलावण्याआधी लेखिका म्हणून बोलवा. मातंग, कैकाडी, पारधी, मुस्लिम शेजाऱ्यांना गर्दीत उभे करण्याआधी गोष्टीत आणा.

तिसरे, सरकारी संस्थांकडे मागणी करा. पुण्यात बार्टी आहे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग हवेतच, पण पटकथा, कॅमेरा आणि संकलनाची तालुका पातळीवरची शिबिरेही हवीत. मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या समित्यांवर कोण बसते, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

जिथे विनोद उघड जातीय अपमान करतो तिथे तक्रार करावीच लागेल, त्यात मागे हटू नये. पण तक्रारीने एक भाग यूट्यूबवरून उतरतो. आपला भाग तिथे चढत नाही. तो आपल्यालाच चढवावा लागेल.

शेळगाव फाट्यावरच्या टपरीवर तो चौथा पोरगा आजही मोबाइलवर वाकून हसत असेल. जब्याच्या हातात दगड होता. याच्या हातात मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलला कॅमेरा आहे. पुढच्या जयंतीला त्याच्या वस्तीतली एक गोष्ट सगळ्या गावाने पाहावी, हसावे, आणि हसून झाल्यावर घडीभर गप्प व्हावे. तो भाग तयार झाला की आम्हालाही जरूर पाठवा.

जय भीम!